बुधाच्या दारातल्या दोन हाका

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली वांगणीच्या उतारावर नागली उभ्या उभ्या वाळली. कापायला हात उरले नव्हते. धडधाकट होती ती माणसं आधी गेली. मागे राहिली ती आंधळी, पांगळी, थकलेली. यांना मरणानेही उचललं नाही, असं लोक म्हणत.

कान्हा तेव्हा चाळिशीचा होता. जव्हारपर्यंत ओझी वाहून त्याचे पाय त्या वाटेला सरावले होते. जव्हारातलं कोणतं दार कोणासाठी उघडतं, हे त्याच्याइतकं आमच्या डोंगरात कोणालाच ठाऊक नव्हतं. डोळ्यांत औषध कुठे घालतात, बिनघरच्या माणसाला पडवीत कोण झोपू देतं, हे त्याला विचारावं. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत दरबारच्या कोठीतून निराधारांना नागली मिळे, पण माणूस समोर दिसल्याशिवाय कोठीवाला सूप भरत नसे. म्हणून कान्हा पाड्यापाड्यांतून फिरे. ज्याला चालवेल त्याचा हात धरी, ज्याला चालवत नसेल त्याला पाठीवर घेई. त्याची बायको चिमी साथीतच गेली होती. रिकाम्या घरापेक्षा त्याला वाट बरी वाटे.

आमच्याकडे रीत अशी की दाराशी हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. मेलेलं माणूसही हाक मारतं, पण त्याला दोनच हाका येतात. तिसरी जिवंताचीच. साथीच्या दिवसांत तर ही रीत कोणी मोडत नसे, कारण हाक मारणारं कोणी ना कोणी प्रत्येक घरातून नुकतंच गेलेलं होतं.

कान्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी पाठीवर तापाने फणफणलेली सोमी होती आणि ऊन चढत होतं. सोमीच्याच पाड्यावरच्या आंधळ्या बुधाच्या दाराशी त्याने दोन हाका मारल्या. आत काही हललं नाही. बुधा गेला असणार, असं म्हणून तो वाटेला लागला.

आठ दिवसांनी येऊन त्याने कुडाच्या फटीतून आत बघितलं. बुधा दाराला टेकून बसला होता. एक हात अडसरावर होता. जीव केव्हाच गेलेला.

त्यानंतर कुठल्याही दाराशी दोन हाका झाल्या की कान्हाला पलीकडे कोणी श्वास रोखून बसलंय असं वाटे. चालता चालता तो मध्येच थांबे, मान वळवी. पाठीवरचं माणूस विचारी, "काय रं?" तो म्हणे, "काही नाही." बुधाचं घर टाळायला तो ओढ्याच्या अंगाने लांबचा फेरा घेई.

बुधाची बहीण चैती त्याच पाड्यावर वरच्या टोकाला राहायची. तिचे पाय कधीचे गेलेले. तिच्या छपरातून दोन दिवस धूर निघाला नाही, असं कान्हाला कळलं. आजचा बाजार चुकला तर पुढच्या बाजारापर्यंत म्हातारी तग धरणार नव्हती. भल्या सकाळी तो तिच्या दाराशी उभा राहिला. तीन हाका मारल्या. ओ नाही. चौथी मारली, पाचवी मारली. सातव्या हाकेला आतून खोकला आला.

"आये, मी कान्हा."

"कान्हा का कान्हाचं भूत?"

"भुताला डोकरी कशाला गं? तरणी बघून नेली असती."

"तू नेलेली सोमी तरी कुठे परत आली?"

"सोमी जव्हारात टोपल्या विणते. तुझं नाव काढून शिव्या देते. म्हणते, म्हातारीला सांग, माझं सूप परत दे."

मग चैती म्हणाली, "फुटकं होतं ते सूप." आणि पाठोपाठ, "बुधाच्या दाराशी गेला होतास?"

मी येण्याआधीच तो गेला होता, एवढं कान्हाने म्हटलं असतं तर दार उघडलं असतं. खरं सांगितलं तर म्हातारी आतच बसेल, उपाशी. ऊन अंगणात उतरलं होतं.

"गेलो होतो."

"हाका किती मारल्यास?"

"दोन." त्याने कुडाला हात टेकला. "तो जिवंत होता, आये. सरकत दारापर्यंत आला होता. मी थांबलो नाही."

कान्हा खाली बसला. आता हाक मारायची त्याची हिंमत नव्हती. बऱ्याच वेळाने जमिनीवर काही घासत येताना ऐकू आलं. अडसर पडला. चैती हातांवर रेटत उंबऱ्याशी आली होती.

"तुला माफ केलं असं समजू नको," ती म्हणाली. "भूक लागली आहे. पाठ दे."

तिचं ओझं असं नव्हतंच. कान्हा ओढ्याकडे वळला तशी तिने त्याचा खांदा दाबला. "सरळ वाटेने चल. दुपार होईल."

वाट बुधाच्या दारावरून गेली. तिथे चैतीची बोटं त्याच्या गळ्यापाशी आवळली, आणि पार डोंगर उतरेपर्यंत तशीच राहिली. त्या दिवशी कोठीवर ती शेवटची होती. तिच्या पदरात नागली पडली.

पुढच्या बाजारी कान्हा वर चढला तेव्हा दार सताड उघडं होतं. चैती उंबऱ्यावर बसली होती. त्याने तोंड उघडायच्या आतच तिने हात वर केला.

"हाक मारू नको," ती म्हणाली. "दिसतोस मला."