बेडकी आत्या आणि पाण्यावरचं विमान

आमच्या धनज गावात नऊवारीचा काष्टा मारून भर दुपारी विहिरीत सूर मारणारी एकच बाई होती. गाव तिला बेडकी म्हणायचं, आम्ही मुली बेडकी आत्या म्हणायचो. तिला त्याचा राग नव्हता. "बेडकी कधी बुडाली, असं आयकलं काय तुमी?" एवढंच ती विचारायची.

तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी भावाकडे परतली, म्हणून साऱ्या गावाची आत्या. भावाच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती. तिथे दर उन्हाळ्यात ती पोहायला शिकवायची, तेही फक्त मुलींना. माझे बाबा तयार नव्हते. पोरींना कशाला पाहिजे हे, म्हणाले. आत्या आमच्या ओट्यावर टेकली आणि आवाज न चढवता म्हणाली, "भाऊ, धुनं आमी धुतो, पानी आमी भरतो. जलमभर पान्याच्या काठावर राह्यतो. अन् पोहाले तेवढं पोट्टे शिकते." दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर होते.

पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून ती आम्हाला पाण्यात सोडायची. आठव्या दिवशी तिनं माझा डबा काढला आणि मी बुडाले. नाकातोंडात पाणी गेलं, वर कुठे नि खाली कुठे तेही कळेना. तिनं मला बाहेर काढलं, पाठ चोळली, रडू थांबू दिलं. मग म्हणाली, "घाबरली तं हातपाय झाडू नोको. आंधी हात लांब कर, काठ धर. काठ हाती आला का मंग सारं सुचते." मला घरी जायचं होतं. ती म्हणाली, "आता गेली तं भेव बी तुह्यासंग घरी येईन. चाल, एक डाव अजून." मी पुन्हा उतरले.

पुढे मी वैमानिक झाले. मोठ्या प्रवासी विमानांचा सगळ्यात वरचा परवाना मिळाला, वर्षानुवर्षं धावपट्ट्यांवर उतरले. मग त्या परवान्यावर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची नोंदही करून घ्यावी असं मनात आलं. त्यासाठी वेगळी परीक्षा असते. परदेशातल्या एका सरोवरावर शिकायला गेले. पाण्यावर विमानाला ब्रेक नसतो. इंजिन सुरू झालं की ते चालू लागतं आणि वारा येईल तिकडे तोंड फिरवतं. इतक्या वर्षांची कॅप्टन मी, पहिल्या दिवशी विमान धक्क्याला नीट लावूही शकले नाही.

खरी धास्ती होती ती पुढच्या सरावाची. विमान पाण्यात उलटलं तर बाहेर कसं पडायचं, हे शिकवायला विमानाचा एक सांगाडा तरणतलावात सोडतात, आतल्या खुर्चीला तुम्हाला पट्ट्यांनी बांधतात आणि सांगाडा उलटा करतात. माझ्या आधीचे एक अनुभवी गृहस्थ घाईनं पट्टा सोडून बसले आणि आतच गरगरले. पाणबुड्यानं त्यांना ओढून काढलं. मग माझी पाळी. नाकात पाणी शिरलं, वर-खाली हरवलं. मी हात लांब केला. दाराची चौकट लागली. ती घट्ट धरूनच पट्टा सोडला आणि बाहेर आले. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, हे आधी कुठे शिकलात? म्हटलं, गावच्या विहिरीत. त्यांना ती थट्टा वाटली. त्या आठवड्यातच परीक्षा पास झाले.

नवा परवाना घेऊन मी सरळ धनज गाठलं. आत्या खूप थकली होती, खाटेवरच असायची. परवाना हातात धरून म्हणाली, "याच्यात पानी कुठं लिवलं?" मी 'SEA' या इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं.

"येवढंसंच?"

"येवढंसंच, आत्या."

तिनं अंगठ्यानं तो शब्द घासून पाहिला. "पक्कं हाये," म्हणाली. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, "तुझ्यामुळे झालं हे."

"माह्यामुळं काहून व? बुडाली तं तूच होती ना."

त्याच वर्षी वैशाखात ती गेली. मी ड्यूटीवर होते, तिसऱ्या दिवशी पोहोचले. अंगणात बायकाच बायका बसल्या होत्या, कोणी कारंज्याहून आलेली, कोणी मालेगावहून. ओळखीचा चेहरा पटकन दिसेना. मी दारात घुटमळले, तशी एका पिकल्या केसांच्या बाईनं मान वर केली.

"तुमी कोन्या उन्हायातल्या?"

मी पोहायला शिकले तो उन्हाळा सांगितला. तिनं सरकून सतरंजीवर मला जागा करून दिली.