गंगाखेडचा कोको

गाडी गंगाखेडला तासभर उशिरा पोचली. उतरताच साखर कारखान्याच्या मळीचा वास आला. आत्याच्या दहाव्याला आलो होतो. आई गेल्यावर तिनेच मला राणीसावरगावात वाढवलं. तिच्या आजारपणात मी मात्र पुण्यातून फोनवर पुस्तकी सल्ले देत राहिलो.

गोदाकाठी पिंड मांडला, पण कावळा शिवेना. मग आश्वासनं सुरू झाली. एरवी तिला पाणीही न विचारणारे हात जोडून उभे. तिचा मुलगा सुदाम म्हणाला, “माय, तुझ्या शेळ्या इकणार न्हाई.” सून म्हणाली, “तुमच्या लुगड्यांच्या वाकळा (गोधड्या) शिवीन.” कावळे पलीकडे बसून, मुरलेल्या मतदारांसारखे ऐकत होते.

मला माझं आश्वासन आठवलं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात मी तिला हॉट चॉकलेट पाजलं होतं. “ह्याच्यात चमचा उभा राहायलाय. प्यायचं का चाटायचं?” म्हणत तिने कप सरकवला. “आमच्या गंगाखेडचा कोको बरा.” मी तिला कोको शब्दाची व्युत्पत्ती सांगितली आणि अस्सल कोकोचा डबा पाठवतो म्हणालो. व्युत्पत्ती तिच्यापर्यंत पोचली, डबा राहिला.

तिचा जीव माझ्या डब्यातच अडकलाय, अशी खात्री पटून मी तडक घाटावरचं हॉटेल गाठलं.

“कोको आहे का?”

“हाय की. कुणासाठी?” मालक म्हणाला.

“म्हणजे?”

“दुखणेकऱ्याला (आजाऱ्याला) बिनसाखरेचा, पाव्हण्याला सायीचा. सोतासाठी कोन मागतंय? सोताला चहा असतोय.”

“दहाव्यासाठी हवाय.”

“मग साखर जास्त टाकतो. आता कायचं पथ्य?”

भुरकट दुधाचा ग्लास रुमालात धरून, निम्मा हातावर सांडत परतलो. पिंड विस्कटलेला होता. मंडळी आंघोळीला उतरली होती.

“तुमी तिकडं गेलात अन् इकडं कावळा शिवला बघा, दादा,” सुदाम म्हणाला. “शेळ्यांचंच होतं तिच्या मनात. हे काय आणलं?”

“कोको.”

“कुणासाठी?”

मी पायरीवर बसून तो एकट्याने प्यायलो. पातळ, अतिगोड, तळाशी गुठळ्या. माझ्या शब्दकोशात कोको म्हणजे एका झाडाच्या बियांची पूड. इथे ते कुणालातरी नेऊन द्यायचं दूध.

पुण्यात परतल्यावर एका संध्याकाळी, आत्याला नेलं होतं त्याच दुकानात हॉट चॉकलेट मागितलं. काउंटरवरच्या मुलीने लहान की मोठा विचारलं, वर क्रीम हवं का विचारलं, कपावर लिहायला माझं नावही विचारलं. कुणासाठी, तेवढं विचारलं नाही.