रिप्ले बघितला आणि टचडाउन गेलं

मंडळी, आज मन फार खट्टू झालंय.

माझी बायको नुकतीच नागपूरहून इथे अमेरिकेत आलीय. दिवसभर घरात एकटी असते, म्हणून आज तिला मित्राकडे टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला नेलं. शेवटच्या मिनिटाला आपल्या टीमने टचडाउन केलं, म्हणजे जिंकायला हवे ते गुण मिळवले, आणि ती चक्क उड्या मारत ओरडली! इथे आल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलंच नव्हतं.

मग आधी टचडाउन देऊन बसलेल्या रेफरीने रिप्ले बघितला. कॅच घेताना बॉल जमिनीला लागला होता. टचडाउन कॅन्सल, मॅच हरलो.

"निर्णय बरोबर आहे गं," मी समजावलं. "मागच्या रविवारी रिप्लेमुळेच आपण वाचलो."

"असेल बाप्पा. पण मी पुन्हा नाही ओरडणार."



रेफरीची चूक तशीच राहिली असती तर बरं झालं असतं, असं तुम्हाला कधी वाटलंय का?