टाको दोन हातांनी

टाको करायला मी कुणाकडे शिकायला गेले नाही. लेक कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आई, टाको कर ना. मैत्रिणीकडे काय झकास झाले होते!" म्हटलं, "आधी मेथी निवडून दे, मग टाको." पण मला एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरी जमलेला पदार्थ माझ्या घरी जमत नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्याच शुक्रवारी मी चारकोप मार्केटातून तयार टाकोंचं, म्हणजे मक्याच्या दुमडलेल्या कडक पुऱ्यांचं, पाकीट आणलं. निम्मे पाकिटातच मोडलेले होते, उरलेल्यांचा पहिल्या घासाला भुगा झाला. नवरा म्हणाला, "शेवपुरी मस्त झालीय." मग मात्र मी पेटले.

मक्याचं पीठ म्हणजे हट्टी कार्टं. थापायला घ्यावं तर कडा फाटतात, उचलायला जावं तर मधोमध तुटतं. दोनदा पार वाट लागली. शेवटी मी त्याला आमच्या तांदळाच्या भाकरीचा न्याय लावला. उकळत्या पाण्यात उकड काढली, मळून मळून मऊ केली, पातळ थापली, तव्यावर भाजली आणि गरम आहे तोवर लाटण्यावर वाळत घातली. लाटणं दोन डब्यांवर आडवं टाकलेलं. निवल्यावर हवा तसा वाकलेला टाको हातात आला. लेकीने उलटून पालटून बघितला. "आई, ही घडी घातलेली भाकरी आहे." म्हटलं, "असू दे. नको असेल तर वरणभात आहे." चार खाल्ले तिने.

तेव्हापासून आमच्याकडे शुक्रवारी रात्री टाको ठरूनच गेले. राजम्याचे केले, पनीरचे केले, लसूण लावलेल्या कोळंबीचे केले. एकदा काळ्या वाटाण्याची उसळ उरली होती, ती आटवून भरली. वरून कांदा, कैरी आणि लसूण घातलेला चक्का. लेक म्हणाली असला टाको जगात कुठे मिळत नाही. मिळत नसणारच, काळे वाटाणे टाकोच्या देशात कोण खातंय? अ‍ॅवोकाडो मात्र मी एकदाच आणला. दगडासारखा होता म्हणून पिकायला तांदळाच्या डब्यात ठेवला आणि विसरले. डबा उघडला तेव्हा त्याचं जे काय झालं होतं ते सांगण्यासारखं नाही. तो विषय तिथेच संपला.

हे सगळं बाहेरच्या खोलीत, टेबलाभोवती चालायचं. आणि आतल्या खोलीत, दार लोटून घेऊन, माझे सासरे एकटे जेवत असायचे.

त्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणतो. उभा जन्म गिरणीत कापड विणण्यात गेला. मुंबईत म्हातारे झाले, पण बोलणं अजून मालवणीच. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच. बोटं जेमतेम वाकतात, घास काही धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताने जेवायची सवय करा. सांगायला काय जातं! आमच्यात डाव्या हाताने प्रसाद घेत नाहीत, कुणाला काही देत नाहीत, आणि जेवायचं तर नावच नको. त्यात माझा नवरा मूळचा डावखुरा. लहानपणी जेवायला बसला आणि डावा हात ताटात गेला की बाबा त्यावर पळी हाणायचे. पळी खाऊन खाऊन तो उजवा झाला. आता त्याच मुलासमोर बसून डाव्या हाताने जेवायचं? त्यापेक्षा ते उपाशी राहिले असते.

आणि जवळजवळ तसंच होत होतं. मी ताट आत नेऊन ठेवायची. "तुम्ही जेवा, मी मागसून जेवतंय," म्हणायचे. थोड्या वेळाने ताट आणायला जावं तर भात तसाच, मासा टोकरलेला. ज्या माणसाला जेवताना गप्पा लागायच्या, गावच्या दशावताराची सोंगं काढून जो आम्हाला ठसका लागेपर्यंत हसवायचा, तो भिंतीकडे तोंड करून चार घास गिळत होता. अंगावरचा सदरा ढगळ दिसायला लागला होता. मला दुसरं काही नको होतं, बाबा टेबलावर यायला हवे होते.

मी काय काय केलं! चमचे आणले. समजावलं. एकदा नवरा म्हणाला, "बाबा, डावा तर डावा, कोण बघतंय?" तर असे भडकले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. चूक नवऱ्याची नव्हती, पण मीही त्यालाच झापलं. कुणाला तरी झापायला हवं होतं ना. टाकोच्या दिवशी मी बाबांचा टाको वाडग्यात चुरून, वर सारण घालून आत द्यायची. ते भेळ म्हणून खायचे. टाको म्हणजे काय हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

मग सुकटीचा शुक्रवार आला. सुकट भाजून, कांद्यावर परतून, कोकम घालून कोरडी केली. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. टाको गरम आहेत तोवर खा म्हणून मी दोघांना बसवलं, मीही एक भरून घेतला, म्हटलं एवढा संपवते आणि बाबांचं वाडगं आत नेते. पण सुकटीला तेवढा दम कुठला? आतल्या खोलीचं दार करकरलं. बाबा चौकटीला धरून उभे होते.

"सुकट केलंस गो?" असं विचारायला आले असणार, पण तोंडातच राहिलं. ते आमच्याकडे बघत होते. तिघांचेही दोन्ही हात तोंडाशी, दोन्ही हात बरबटलेले. लेकीच्या डाव्या मनगटावरून चक्का ओघळतोय.

"सगळीच डाव्या हातान खातास?"

नवऱ्याने चटकन डावा हात टेबलाखाली घेतला. एवढा मोठा, टक्कल पडलेला माणूस! पळीचीच आठवण झाली असणार. मग त्यालाच ते हास्यास्पद वाटलं असावं. म्हणाला, "बाबा, हा एका हाताने खाताच येत नाही. बघा." आणि उजव्या हातात टाको धरून त्याने तोंडाशी नेला. टाको मधून मोडला आणि सगळी सुकट त्याच्या मांडीवर.

लेक खिदळायला लागली. मी ओरडले, "अरे, धुतलेली पॅंट आहे!" आणि बाबा हसले. पोटातून, पूर्वीसारखे. हसता हसता चौकट सोडली, लेकीच्या शेजारची खुर्ची ओढली. "सरक गो चेडवा."

मी एक टाको भरला आणि पुढे ठेवला. त्यांनी डाव्या हाताने उचलला, खालून उजव्या हाताचा टेकू दिला. ती जेमतेम वाकणारी बोटं टेकू द्यायला पुरेशी होती. पहिल्या घासाला निम्मं खाली पडलं. लेकीचंही पडत होतं, माझंही पडत होतं. कोण कुणाला बघणार? खाली पडलेली सुकट बाबांनी चिमटीने उचलून तोंडात टाकली. डाव्याच हाताने.

दुसरा खाऊन झाल्यावर ते नवऱ्याकडे बघत म्हणाले, "तुझो डावो हात अजून बरो चलता." नवरा हसला, हात धुवायला म्हणून उठला आणि बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत राहिला.

मला वाटलं, झालं, आता दर शुक्रवारी तरी बाबा बाहेर येतील. तेवढ्यावरही मी खूश होते, खोटं कशाला सांगू. बाकीच्या दिवशी काय, पोळी असते, भात असतो, तिथे डाव्या हाताला काय निमित्त सांगणार?

रविवारी बांगड्याचं सार आणि भात होता. नेहमीच्या सवयीने मी बाबांचं ताट उचललं आणि आत निघाले. ते अंघोळ करून, सदरा बदलून आतल्या दारातच उभे.

"गो, खय चललंस? माजा ताट भायर वाढ."

"बाबा, सार-भात आहे," मी म्हटलं.

"मगे? डाव्या हातान जेवतलंय."

आणि येऊन मुलाच्या शेजारी बसले. मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं, भात वाढला आणि पळीने सार घालायला लागले. त्या दिवशी टेबलावर सगळ्यात आधी जे सार सांडलं ते माझ्या हातून सांडलं, चांगल्या धडधाकट उजव्या हातातून.