जाळी कोणी काढली

मुलुंडच्या मुलींच्या शाळेत माणिक सबनीस इंग्रजी शिकवत. डायरेक्टचं इनडायरेक्ट करणं हा त्यांचा हातखंडा धडा. अवतरणचिन्हं काढा, मधे ‘दॅट’ घाला, ‘आय’चा ‘ही’ करा, काळ एक पायरी मागे न्या. ‘दशरथ म्हणाला की मी आजारी आहे’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत तसंच लिहिलंत तर दशरथ राहील धडधाकट आणि आजारी पडाल तुम्ही, असं त्या म्हणाल्या की वर्ग खिदळायचा.

हा दशरथ बाईंच्या घरामागच्या चाळीतलाच. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता. त्रेपन्न साली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. मशीनच्या तोंडावर संरक्षणाला असते ती लोखंडी जाळी तेव्हा जागेवर नव्हती. ती दशरथनेच काढली असं म्हणून कारखाना त्याला घरी बसवायला निघाला होता. त्याची बायको जानकी सबनीस बाईंच्या दारात आली.

“बाई, तुमी आमच्यावांगडा येवा. सायब इंग्रज. ह्यांका इंग्रजी येणा नाय, आणि थयसलो कारकून फोरमनचो माणूस.”

“कारखान्याच्या भानगडीत तू कशाला पडतेस?” बाईंचे थोरले भाऊ आतून म्हणाले.

“भाषांतर तर करायचंय, दादा,” म्हणत बाईंनी चपला घातल्या.

साहेबाच्या खोलीत फोरमन आधीच उभा होता. दशरथ हाताचं बँडेज छातीशी धरून बोलला, “फोरमन माका म्हणालो, मी जाळी काढलीय, तू काम चालू ठेव.”

बाईंनी सवयीने वाक्य फिरवलं. “द फोरमन टोल्ड हिम दॅट ही हॅड रिमूव्हड द गार्ड...”

पुढचं ऐकायला साहेब थांबलाच नाही. म्हणजे जाळी दशरथनेच काढली, फोरमनने ते त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि हे आता तो स्वतःच कबूल करतोय! साहेबाने टेबलावर हात आपटला. बाईंना क्षणभर कळेना, हा एवढा का तापला. व्याकरण तर बिनचूक होतं. त्यांचं लक्ष फोरमनकडे गेलं. त्याला कामापुरतं इंग्रजी येत होतं. तो खाली बघत उभा होता. ‘ही’ म्हणजे कोण, ते त्यांच्या वाक्यात कुठेच नव्हतं.

“नो, सर,” त्या उठून उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी काहीच फिरवलं नाही. फोरमनकडे बोट करून एकेक शब्द सुटा म्हटला. “धिस मॅन सेड, ‘आय हॅव रिमूव्हड द गार्ड. यू कॅरी ऑन.’”

साहेब फोरमनकडे वळला. “डिड यू?”

फोरमन म्हणाला, माल निघत नव्हता, जाळीने हात अडायचा.

दशरथची नोकरी राहिली, पण प्रेसवर नाही. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. फोरमनलाही कोणी काढलं नाही. जाळ्या मात्र सगळ्या मशीनवर पक्क्या ठोकल्या गेल्या.

परतताना जानकीने विचारलं, “सायब पयलो इतको कित्याक तापलो?”

बाईंनी चालता चालता सगळं समजावून सांगितलं. जानकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग नाव घेवक काय झाला हुता?”

बाईंना हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. चुकून साहेब तेवढ्यावरच उठून गेला असता तर, हा विचार त्यांना घरी पोचेपर्यंत सोडेना.

त्या आठवड्यापासून वर्गात नवा नियम आला. दोन माणसांचं बोलणं असेल तर प्रत्येक ‘ही’पुढे कंसात नाव लिहायचं. हेडमास्तरांनी एकदा वह्या चाळल्या आणि विचारलं, “बाई, हे कंस कुठल्या पुस्तकात आहेत?”

“पुस्तकात नाहीत,” बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.