खिंडीतून काय दिसतं

लोकांना वर पोचवण्यात ज्याची निम्मी हयात गेली, त्याला स्वतःला एक डोंगर चढता येऊ नये, याला काय म्हणावं? लिफ्टवाल्याचं नेमकं तसं झालं होतं. शहरातल्या बऱ्याचशा उंच इमारतींच्या लिफ्ट त्याच्याच हातांखालून जात. आठवडाभर तो गच्च्यांवरच्या मशीनच्या खोल्यांत तेलाच्या वासात उभा राहून दोर तपासायचा, ब्रेक घट्ट करायचा, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्यांना बाहेर काढायचा. अडकलेला माणूस आत आरडाओरडा करत असला तरी हा दाराच्या फटीला तोंड लावून आधी विचारायचा, "निघाला होतात कुठे?" आतला माणूस चिडून सांगायला लागायचा, सांगता सांगता शांत व्हायचा, आणि तोवर याचं काम झालेलं असायचं. लोकांना वाटे, ही त्याची युक्ती आहे. युक्ती कसली! त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं.

ही खोड जन्माची. आणि तिच्यापायीच तो वयाच्या पंचेचाळिशीत सायकलच्या नादी लागला. कुठल्याही गच्चीवर गेलं की समोर डोंगराची रांग दिसे, आणि त्या रांगेत एक खिंड. पाव चावून ठेवावा तशी खाच. तिच्या पलीकडे काय असेल? एकदा हा प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. दरडी पडतात म्हणून खिंडीचा रस्ता मोटारींना केव्हाच बंद झालेला. वर जायचं तर पायी नाही तर सायकलने. त्याने एक जुनी गिअरची सायकल घेतली, सुटी करून तिचा पेच न् पेच पुसला, आणि रविवारी पहाटे घाटात जाणाऱ्या टोळक्यात जाऊन उभा राहिला.

टोळक्याची म्होरकी होती सिस्टर. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. केस सगळे पांढरे, पण चढावर भल्याभल्यांना पाणी पाजायची. तिने पहिल्याच दिवशी त्याला नियम ऐकवले.

"चढात पाय जमिनीला टेकला, की तिथूनच मागे फिरायचं. ढकलत वर यायचं नाही."

"बरं. आणि दुसरा?"

"वर जे दिसतं ते खाली सांगायचं नाही. ज्याचं त्याने चढून बघायचं."

"पण आहे काय वर?"

"झालं," सिस्टर म्हणाली, "पहिल्याच दिवशी दुसरा नियम मोडायला निघाला."

असे नियम कशासाठी, तर कशासाठीच नाहीत. रिकामटेकड्यांना नियमांची फार हौस. पण लिफ्टवाल्याने ते मनावर घेतले, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं. खिंडीच्या थोडं खाली रस्ता माणसाचं कोपर वाकावं तसा वळतो. त्या कोपराच्या वळणावर चढ असा काही उभा राहतो की सायकल पुढे जायच्या ऐवजी नाक वर करायला लागते. तिथे त्याच्या मांड्या दगड व्हायच्या, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि पाय टेकायचा. बाकीचे पुढे जायचे. हा सायकल वळवून एकटा उतरायला लागायचा. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं संपत आलं. शनिवारी तो सरावाला जवळच्या टेकड्या पालथ्या घालायचा, बाकीच्या दिवशी लिफ्टवाला असून जिने चढून कामाला जायचा. त्यावरून लोक हसायचे. लिफ्टवर भरवसा नाही वाटतं, म्हणायचे. पोट आत गेलं, पोटऱ्या दोरखंडासारख्या झाल्या, पण कोपराचं वळण काही हटेना.

टोळक्यातला बेकरीवाला तर त्याला छळायला टपलेला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. वरून उतरला की दर रविवारी नवी थाप मारायचा. एकदा वर तळं असायचं, एकदा पडका किल्ला, एकदा तर म्हणे समुद्रच. सिस्टर तेवढी गालात हसायची आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. एक गोष्ट मात्र लिफ्टवाल्याच्या ध्यानात आली होती. वरून येणारी ही मंडळी दर वेळी कशावरून तरी वाद घालत उतरायची, आणि त्याला बघितलं की गप्प व्हायची.

घरी बायको वाट बघत असायची. ती पडदे शिवायची. दोन खोल्यांचं घर. एका खोलीत शिलाईमशीन, कापडाचे गठ्ठे आणि भिंतीला टेकलेली सायकल, आणि उरलेल्या जागेत संसार. पडद्याचं लांबलचक कापड बेतायला घरात जागा कुठली? म्हणून ती रविवारी सकाळी, शेजाऱ्यांची धुणी वाळत पडायच्या आधी, गच्चीवर कापड पसरून बेतायची. तो घामाघूम होऊन परतला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"काय होतं वर?"

"आज नाही जमलं."

"अहो, मग चालत जाऊन बघून या ना एकदा. आपल्याला काय ते कळल्याशी मतलब."

"चालत जायचं तर सायकल कशाला घेतली?"

"तेच मी विचारतेय, तीन वर्षं."

पण ती नुसतीच चेष्टा करत नव्हती. कुतूहल तिलाही तेवढंच होतं, कदाचित कांकणभर जास्तच. तिच्या बहिणीने एकदा पायी चढायचा बेत काढला होता, तेव्हा ही म्हणाली होती, "नको गं. हे बघून येतील आणि मला सांगतील, तेव्हाच." बहिणीने कपाळाला हात लावला. लिफ्टवाल्याने ते दाराआडून ऐकलं होतं, आणि तेव्हापासून खिंड त्याच्या एकट्याची राहिली नव्हती.

अशात बातमी आली. डोंगराखालून बोगदा तयार झाला होता. आता वरचा रस्ता कायमचा बंद होणार, कड्याचा सैल भाग सुरुंग लावून पाडणार. हा रविवार शेवटचा. म्हणजे या रविवारी पाय टेकला, तर खिंडीतून काय दिसतं ते तो जन्मात बघणार नव्हता, आणि तिलाही सांगणार नव्हता. दुसऱ्या नियमाचं काय करायचं, ते वर गेल्यावरच बघायचं त्याने ठरवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी त्याने सायकल उलटी करून साफ करायला घेतली. चेहरा असा, जणू घरात कोणी आजारी आहे. बायको सुईत दोरा ओवत बघत होती. ओवता ओवता थांबली आणि जवळ येऊन उकिडवी बसली.

"ही मागची चाकं कसली हो? दातेरी?"

"गिअरच्या चकत्या. साखळी लहान चकतीवर असली की सायकल पळते, मोठीवर घेतली की चढ सोपा जातो."

"मग सगळ्या काळ्या पडल्यात, झिजल्यात. ही सगळ्यात मोठी एवढी कोरी कशी?"

"ती चकती नाही. ती राखण. साखळी चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून."

"नुसती राखणच करायची, तर तिला दात कशाला पाडलेत?"

लिफ्टवाल्याच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

झालं होतं ते असं. लिफ्टच्या धंद्यात एक धडा पहिल्या दिवशी गिरवून घेतात: लिफ्ट अगदी छतापर्यंत कधी जाऊ द्यायची नाही. वर जागा सोडायची आणि तिथे तिला रोखणारी कळ बसवायची. सायकल घेतली त्या पहिल्याच आठवड्यात त्याला साखळी किती आत जाऊ द्यायची ते ठरवणारा एक बारीक स्क्रू सापडला, आणि हाताच्या सवयीने त्याने तो आवळून टाकला. वर थोडी जागा सोडलेली बरी! पुढे ते विसरला. साखळी कधीच न जाणारी ती कोरी चकती बघून, ती राखणच असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली. दुसऱ्या कोणी ते केव्हाच ओळखलं असतं. पण आपल्या यंत्राला परक्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. सिस्टर एकदा गिअर बघायला वाकली होती, तर याने सायकल बाजूला ओढली होती.

त्याने स्क्रू सैल केला. पेडल हाताने फिरवलं. साखळी करकरली आणि कोऱ्या चकतीवर अलगद जाऊन बसली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू मावळलं. "राग आला का?"

राग आला होता, पण स्वतःचा. तीन वर्षं तो डोंगराशी झुंजत नव्हता, स्वतःच लावलेल्या कुलपाशी झुंजत होता. त्याला रडू येईल की हसू, हे त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "उद्या कुठलं कापड बेतणार आहेस?" ती म्हणाली, "गिऱ्हाईक सकाळी आणून देणार आहे. काय देईल ते."

रविवारी कोपराचं वळण आलं. मांड्या दगड झाल्या, काजवे वेळेवर हजर झाले. त्याने बोटाने कळ दाबली. साखळी मोठ्या चकतीवर चढली, आणि पायाखालचं ओझं असं एकदम गेलं की तो तोल जाऊन कठड्याकडे कलला. एक पाय पेडलवरून सुटला. बेकरीवाला मागून म्हणाला, "टेकला, टेकला." टेकला नव्हता. वीतभर वर तरंगत होता. लिफ्टवाल्याने तो परत पेडलवर आणला आणि मुंगीच्या चालीने, पण न थांबता, वळण पार केलं. पुढचा रस्ता त्याने कधी पाहिलाच नव्हता. तिथे एक मोडकी पाटी होती, एक सुकलेलं झाड होतं. त्याने सगळं नीट बघून घेतलं. घरी सांगायला लागणार होतं.

आणि खिंड आली. तो तडक पलीकडच्या कडेला गेला. पलीकडे आणखी एक डोंगर होता. तसाच तपकिरी, याच्याहून थोडा उंच, आणि त्याने पुढचं सगळं झाकलं होतं.

"एवढंच?" तो म्हणाला.

"दुरून डोंगर साजरे," बेकरीवाला म्हणाला.

सिस्टरने थर्मासमधून चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. "सगळे आधी तिकडेच धावतात. मागे बघ."

मागे त्यांचं शहर होतं. वाटेत कुठेच ते दिसत नसे, कारण रस्ता डोंगराच्या सोंडेआडून चढायचा. इथे मात्र ते सगळंच्या सगळं, तळहातावर घेतल्यासारखं दिसत होतं. इतकी वर्षं गच्च्यांवरून तो या खिंडीकडे बघत होता. खिंडीतून गच्च्या दिसत असणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आज पिवळं," बेकरीवाला कपाळावर हात धरून म्हणाला. "मी निळं म्हटलं होतं. हरलो."

"काय पिवळं?"

"ते बघ, त्या गच्चीवर. लांबडं. दर रविवारी असतं. कधी हिरवं, कधी चट्ट्यापट्ट्यांचं. आणि थोड्या वेळाने पांढरं होतं. मी म्हणतो रंगाऱ्याचा कारखाना आहे. सिस्टर म्हणते कोणीतरी कोणाला खूण करतं. इतकी वर्षं डोकं खातोय, पत्ता लागत नाही."

लिफ्टवाल्याने बघितलं. इमारती इथून सारख्याच दिसत होत्या, पण त्यांच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोल्या त्याला माणसांसारख्या ओळखता येत. ही दवाखान्याची, जाड. ही बाजारातली, जिचं दार नीट लागत नाही. तिच्या बाजूला पाण्याची टाकी, आणि टाकीच्या बाजूची ती गच्ची. त्याने चहा दगडावर ठेवला.

"वरचं खाली सांगायचं नाही," तो म्हणाला, "पण खालचं वर सांगितलं तर चालतं?"

सिस्टरने होकारार्थी मान हलवली.

"ते पडद्याचं कापड आहे. माझी बायको बेततेय. आता खुणा करून झाल्या की ती त्यावर अस्तर पसरेल. अस्तर पांढरं असतं."

सगळे बघत राहिले. वारा सुटला, पिवळ्या पट्ट्याचं एक टोक उचललं गेलं, फडफडलं, आणि मग कोणीतरी दाबून धरल्यासारखं खाली बसलं. थोड्या वेळाने पट्टा एका कडेपासून पांढरा होत गेला.

"तू जरा आधी वर यायला हवं होतंस," सिस्टर म्हणाली.

घरी आला तेव्हा बायको गच्चीवरून खाली आली होती आणि पिवळ्या कापडाची घडी घालत होती. त्याच्याकडे बघूनच ती उठून उभी राहिली.

"गेलात ना? काय होतं?"

"वाटेत मोडकी पाटी आहे. सुकलेलं झाड आहे."

"ते वाटेत. वर काय होतं?"

"सांगता येत नाही. नियम आहे."

"अहो, आता रस्ताच राहणार नाही, आणि नियम कसला कुरवाळताय? मी तीन वर्षं थांबले ती हे ऐकायला?"

त्याने बूट काढले. पाणी प्यायला. मग म्हणाला, "मधे वारा सुटला तेव्हा कापडाचं टोक उडालं. टाकीकडचं. तू धावलीस आणि त्यावर बसलीस, की कात्री ठेवलीस?"

"बसले," ती म्हणाली. "कात्री लांब..."

आणि मधेच थांबली. घडी हातात तशीच धरून ती खिडकीशी गेली. खिडकीतून डोंगर दिसत नसे, समोरची भिंत दिसे, तरी ती तिकडे बघत राहिली.

"कितीदा दिसले असेन?" तिने विचारलं.

"दर रविवारी. त्यांना. मला एकदाच."

मग कापड मशीनवर ठेवून म्हणाली, "आधी माहीत असतं, तर आज गिऱ्हाइकाला लाल घ्यायला लावलं असतं."