गाबोळीची चौकशी

आमच्या साडूंइतका मासेवेडा माणूस अख्ख्या कॅनडात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची बायको केव्हाच माहेरी निघून गेली असेल. आमच्या मेहुणीने मात्र संसार नेटाने केला. साडू मूळचे मालवणचे, नोकरी न्यूफाउंडलंड बेटावर, मत्स्यखात्यात शास्त्रज्ञाची. आमच्याकडे मार्कहॅमला आले की बॅग टेकवायच्या आत ग्रोसरीला निघतात आणि बर्फावरच्या एकूण एक माशाचे कल्ले उचलून बघतात. काउंटरवरचा माणूस कावतो. माझी बायको लांब भाजीपाशी ओळख नसल्यासारखी उभी राहते.

तिकडचा कॉड मासा पार आटला होता. अंडी घालायला तो पूर्वी कुठे जमायचा, हेच खात्याला धड ठाऊक नव्हतं. खात्याने म्हाताऱ्या मच्छीमारांना एका हॉलमध्ये बोलावून विचारलं. आता शेजाऱ्यादेखत आपली जागा कोण सांगेल? सगळ्यांनी साफ थापा मारल्या. साडू मग एकेकाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि मालवणी माणूस पहिलं जे विचारेल तेच त्यांनी विचारलं: भरल्या गाबोळीचा, म्हणजे पोटात अंडी असलेला मासा कुठे मिळायचा, आणि कधी? झालं! आई गाबोळी कशी तळायची इथपासून बोट कुठल्या खडकाआड लावायचो इथपर्यंत सगळं बाहेर आलं. गाबोळी पिकलेली, म्हणजे अंडी घालायची जागा जवळच. साडूंचा नकाशा भरत गेला.

एका म्हाताऱ्याने मात्र त्यांचा हात धरला. "ही जागा माझ्या बापाने मला दिली. तू खात्याला सांगशील, ते इथली मासेमारी बंद करतील. आणि मासा आलाच नाही तर?"

येईलच, असं साडू म्हणाले नाहीत. खोटं त्यांना जमतच नाही, आमच्याकडच्या जेवणाबद्दलसुद्धा. तरी म्हातारा "लिही" म्हणाला.

दर वसंतात, अंडी घालायच्या दिवसांत, तिथली मासेमारी बंद होऊ लागली आणि गाव साडूंवर उखडलं. कॉफीच्या दुकानात त्यांच्या टेबलाशी कुणी बसेना. म्हातारा तेवढा येऊन बसायचा. वर्षं गेली, मासा काही येईना. साडूंनी गाबोळी सोडली. मेहुणी म्हणते नवस होता. साडू म्हणतात छे, चवच लागत नव्हती.

यंदा त्या जागी खात्याच्या तपासणीच्या जाळ्यात मासे आले. पोट हलकेच दाबलं की अंडी ओघळत होती. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेत, तो आता बोटीवर जात नाही. साडूंनी बोटीतूनच त्याला फोन लावला.

"परत सोडलेत ना?" त्याने विचारलं.

"सोडले. सगळे."

हे मला सांगताना आमचे साडू फोनवर रडत होते. एरवी मी त्यांची थट्टा केल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मात्र राहिलो.